जरीच्या पोटात काय असतं?



ज्या घरात रेशीम वर्ज्य आहे, तिथं लग्न ठरलं की एक प्रश्न हमखास निघतो. तो निघतो कापडाच्या दुकानात, गादीवर चार साड्या उलगडल्यावर. साडी सुती आहे की रेशमी, हे हाताला कळतं. पण काठाची आणि पदराची जर? तिच्या आत काय आहे?

आमच्या घरी हा प्रश्न सासूबाईंनी काढला. त्यांचा रेशमाचा नियम पन्नास वर्षांहून जुना. कोषातला किडा जिवंत असताना कोष उकळत्या पाण्यात किंवा वाफेत घालतात, हे कळलं त्या दिवसापासून त्यांनी रेशीम अंगाला लावलेलं नाही. माझ्या लेकीला पैठणीच हवी होती. तिनं आजीसाठी सुती पैठणी पसंत केली आणि आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. सासूबाईंनी पदर बोटांत धरला, उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "कापड सुती आहे गं, पण ही जर कशावर गुंडाळलीय?" दुकानदाराला उत्तर येईना.

खऱ्या जरीचं असं आहे. चांदीची तार बारीक बारीक ओढत नेतात, ती चपटी करतात, रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळतात आणि वर सोन्याचा मुलामा देतात. म्हणजे साडी सुती असली तरी जरीच्या पोटात रेशीम निघू शकतं. दुसरी जर तांब्याच्या तारेची, वर चांदीचा मुलामा. तिच्या आत बहुधा सुती किंवा कृत्रिम दोरा असतो. दुकानात 'टेस्टेड' म्हणतात ती ही. आणि तिसरी, आज सर्वांत जास्त दिसणारी, प्लॅस्टिकच्या फिल्मची. हिच्यात तारच नसते. अॅल्युमिनियम चढवलेला पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा केसासारखा बारीक कापला की झाली जर.

माझी मावसबहीण सुरतेला दिली आहे आणि दाजींचा हाच धंदा आहे, फिल्म कापण्याचा. म्हटलं, ऐकीव माहितीवर सासूबाईंचा नियम कशाला सोडायचा, डोळ्यांनी बघून येऊ. सुरत जरीसाठी फार जुनं गाव. तिथल्या जरीकामाला भौगोलिक मानांकनही आहे. ताईच्या घरी सूर्यास्ताआधी जेवण उरकतं, त्यामुळे माझी सोयच झाली. संध्याकाळी दाजी निवांत समजावत बसायचे.

फिल्म त्यांच्याकडे तयार येते. मोठ्या कारखान्यात पॉलिएस्टरची फिल्म एका बंद टाकीतून नेतात. टाकीतली हवा काढून घेतलेली असते. खाली अॅल्युमिनियम इतकं तापवतात की त्याची वाफ होते, आणि ती वाफ वरून सरकणाऱ्या फिल्मवर जाऊन बसते. हवा असती तर वाफ वाटेतच बिघडली असती. आपण ज्याला सोनेरी म्हणतो तो रंग धातूचा नसतोच. अॅल्युमिनियम पांढरंच चकाकतं. त्यावर पिवळ्या रंगाच्या लाखेसारख्या लेपाचा थर दिला की ते सोनं दिसतं. हाच लेप धातूचं रक्षणही करतो.

फिल्मची जाडी बऱ्याचदा 12 मायक्रॉन असते. आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा, म्हणजे एका केसाच्या जाडीत पाच-सहा पापुद्रे बसावेत.

आता कापणं. आधी रुंद रोलचे अरुंद रोल करतात आणि ते बारीक कापणीच्या यंत्रावर चढवतात. दोन दांड्यांवर गोल पाती ओळीनं घट्ट बसवलेली असतात. वरची पाती खालच्या पात्यांच्या फटीत किंचित शिरतात आणि फिल्म मधून जाताना कात्रीसारखी कापली जाते. जरीचं एक नेहमीचं माप इंचाचा 69वा भाग. म्हणजे 0.37 मिलिमीटरच्या आसपास. सहा इंच रुंदीच्या रोलमधून असे 414 धागे एकाच वेळी निघतात! बाहेर पडताना ते चुलीपुढच्या उन्हात पाणी पडल्यासारखे झळझळतात. मी तर बघतच राहिले. एक किलो फिल्ममधून दीडशे किलोमीटरहून जास्त धागा निघतो, म्हणजे सांगलीहून कोल्हापूरला जाऊन, येऊन, परत जाण्याइतका.

मला वाटलं होतं कापणं हेच अवघड काम. दाजी म्हणाले, "कापणं पात्याचं काम आहे, माणसाचं काम गुंडाळण्यात आहे." प्रत्येक धागा आपापल्या बॉबिनवर जातो. बॉबिन भरत जाते तशी जाड होते. ती त्याच वेगानं फिरत राहिली तर धागा जास्त ओढला जाईल. म्हणून फेरे हळूहळू कमी करत न्यावे लागतात आणि ताणही सैल करत आणावा लागतो. वरचे थर फार घट्ट बसले तर आतले थर दबून सुरकुततात, नाहीतर बॉबिनवरून बाजूला सरकतात. फार सैल राहिले तर विणताना गुंता होतो. आणि धागा जरा जास्त ताणला गेला तर प्लॅस्टिक ताणतं, धातूचा थर ताणत नाही. त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि चकाकी मंदावते. आपण पदर बघून म्हणतो, "जर काळवंडलेली दिसते." पुष्कळदा ती काळवंडलेली नसते, ताणलेली असते.

पातं बोथट झालं की धाग्याची कड फाटल्यासारखी होते. बारीक भुकटी उडते, मागावर धागा तुटतो, आणि शेवटी ती साडी अंगाला टोचते. आम्ही तिथं असताना एका बाजूच्या बॉबिनवर अशी कड दिसली. दाजींनी यंत्र थांबवलं आणि त्या बाजूचा सगळा माल बाजूला काढला. ताई मला हळूच म्हणाली, "हाच माल दुसरीकडं विकला जातो बघ, साडीवर कुणाला कळतंय!" दाजींना ऐकू गेलं असावं. ते काही बोलले नाहीत, पाती बदलायला लावली.

ही पट्टी कधी चपटीच विणतात, कधी दुसऱ्या दोऱ्यावर गुंडाळतात. तो दोरा पॉलिएस्टर, नायलॉन किंवा व्हिस्कोसचा असतो. सासूबाईंचा प्रश्न इथं सुटायला हवा होता. मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "जीव गेला नाही, बरं झालं. पण हे जुनं झाल्यावर जातं कुठं?"

मी दाजींकडं बघितलं. त्यांच्या पायाशीच कापलेल्या कडांच्या चकचकीत कातरणाचं पोतं होतं. ते सरळ बोलले, वर लेप आणि धातू चढवलेली फिल्म पुन्हा वितळवून वापरणं कठीण असतं, भाव येत नाही. खरी जर जुनी झाली की लोक साडी जाळून चांदी काढतात, बोहारीण त्यासाठीच पैसे देते. ह्या जरीतून काही निघत नाही आणि ती कुजतही नाही. कुरकुऱ्या-वेफर्सच्या पाकिटाच्या आतला चंदेरी थर बऱ्याचदा असाच धातू चढवलेला असतो. रस्त्यावर गायी उकिरड्यात तोंड घालतात, त्यांच्या पोटात तो जातो. सासूबाईंच्या डोळ्यांपुढं तीच गाय होती.

वर्खाचंही आपण असंच विचारत आलो की नाही? जनावरांच्या आतड्याच्या पानांत कुटलेला वर्ख आपण मिठाईवरून कधीचा काढला. 2016 साली सरकारी नियमातही आलं की वर्ख करताना प्राणिजन्य वस्तू वापरायची नाही. तिथं उत्तर एका वाक्यात मिळालं. जरीचं तसं मिळत नाही, आणि ते मिळतं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. पैठणी घेतली, फिल्मच्या जरीची. माझं मत असं की वीस-पंचवीस वर्षं नेसायची आणि पुढं नातीला द्यायची साडी वेगळी, आणि दोन मिनिटांत फोडून टाकायचं पाकीट वेगळं. सासूबाईंना ते पूर्ण पटलं नाही. पण लेकीच्या ओटीला त्यांनी तीच साडी स्वतःच्या हातांनी दिली. मात्र रुखवतात चमकीचा कागद लावू दिला नाही, आणि लाडू-चकल्या स्टीलच्या डब्यांतून गेल्या. विहीणबाईंनी डबे परत पाठवले, तेही भरून.

तुमच्यापैकी ज्यांना जर ओळखायची असेल त्यांनी पदराच्या मागचा सुटा धागा काढून उलगडून बघा. तार सुटून आतून दोरा निघाला तर तो वेगळा करून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला तर रेशीम. फिल्मची जर आक्रसून वितळते आणि कडक मणी होतो.

धुताना सोडा अजिबात नको. अॅल्युमिनियम सोड्यात विरघळतं, लेप जरा जरी निघाला असेल तरी जर पांढरट पडते. गाळलेल्या गार पाण्यात थोडा रिठा घालून हलक्या हातानं धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. इस्त्री मंद आणि उलट्या बाजूनं. घडी मोडून दर दोन-तीन महिन्यांनी बदला, नाहीतर जर दुमडीवरच चिरते.