विष्णुपुरीचा दालचा

नांदेडला माणसे जातात ती सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकायला. मी गेलो तो वरणात मटण कसे घालतात ते विचारायला! निदान घरी तरी तसे सांगून निघालो.

झाले असे, की एका रविवारी मुलीने इटालियन पद्धतीचे सार केले. वाटाणे आणि मांस एकाच पातेल्यात, वाटाणे पार विरघळेपर्यंत शिजवलेले. सौभाग्यवतींनी नाक मुरडले. मी मात्र पहिल्याच चमच्याला चाळीस वर्षे मागे, थेट विष्णुपुरीला जाऊन पोचलो.

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागले, की गोदाकाठी हे गाव येते. १९८१ साली सुरू झालेल्या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकलो. नदीवर तेव्हा धरणाचे काम चालले होते आणि माझ्या मित्राचे वडील त्या कामावर होते. ईदला त्याने मला घरी नेले. ताटात भात आणि त्यावर पिवळेधमक वरण. मी मुकाट्याने चार घास खाल्ले आणि न राहवून विचारले, "खाला, मटण मागाहून येणार का?" मित्राला हसता हसता ठसका लागला. खालांनी पातेल्यात पळी तळापर्यंत घातली आणि नळ्यांचे तुकडे माझ्या ताटात वाढीत म्हणाल्या, "वर वर काय शोधतोस रे?"

तो दालचा. १९४८ साली निजामी गेली, १९५६ साली हैदराबाद राज्यही गेले. दालचा-खाना मात्र मराठवाड्याच्या पंगतीत पाय रोवून बसला आहे.

मित्र गेला त्याला तीन वर्षे झाली. मला कळले तेच सहा महिन्यांनी. मग आज जाऊ, उद्या जाऊ करता करता इतके दिवस लोटले, की कोणत्या तोंडाने जावे हा प्रश्न पडला. ते तोंड मला दालच्याने दिले.

गाव ओळखू येईना. काळेश्वर जागच्या जागी आहे. पण धरणाचे अठरा दरवाजे, अलीकडे अथांग पाणी, आणि १९९४ साली निघालेले स्वामी रामानंद तीर्थांचे विद्यापीठ! नदी खोल, शेते उंच, म्हणून इथले पाणी पंपांनी वर चढवावे लागते.

खालांनी मला आवाजावरून ओळखले. "इत्ते साल कां था रे?" एवढेच म्हणाल्या. मी तयार करून आणलेली वाक्ये खिशातच राहिली. दालच्याचे विचारताच मात्र त्या उठल्या आणि सुनेला बाजूला सारून चुलीपुढे बसल्या. (गॅस शेजारीच होता.)

पाव किलो हरभऱ्याची डाळ भिजवून, हळद घालून, मऊ शिजवून घोटायची. दुसऱ्या पातेल्यात कांदा लाल करून आले-लसूण, तिखट आणि अर्धा किलो मटण. तेही हाडासकट, नुसत्या मासाचा दालचा म्हणजे फुकट खर्च. मटण शिजत आले, की दुधीच्या मोठ्या फोडी. त्या नरम झाल्या, की डाळ. चिंचेचा कोळ अगदी शेवटी. वर जिरे, सुक्या मिरच्या, लसूण आणि कढीपत्त्याची चरचरीत फोडणी.

ताट आले. तळाच्या नळ्या होत्याच, पण दुधीच्या फोडीही दुप्पट. मी खालांकडे पाहिले.

"त्याला दुधी आवडत नव्हता," त्या म्हणाल्या. "सगळा तुझ्याच ताटात टाकायचा ना?"

मी सगळा खाल्ला.

मुंबईला आल्यावर पहिल्याच रविवारी पदर खोचून, म्हणजे बाह्या सारून, स्वयंपाकघरात शिरलो. मंडळींनी निमूट खाल्ले. पण दुधी दाताखाली करकरत होता. रात्री विष्णुपुरीला फोन लावला.

"चिंच कधी घातलीस?"

"मटणाबरोबरच."

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"हौ," खाला म्हणाल्या, "परत ये. पुन्हा दाखवते."