आमचा गल्ला

आमच्या दुकानात सर्वांत जुना कोण, असं विचारलं तर हमालसुद्धा गल्ल्याकडे बोट दाखवेल. सांगलीच्या गणपती पेठेत आमचं भुसार मालाचं दुकान आहे. त्यातली फळ्यांची मांडणी बदलली, तराजू जाऊन इलेक्ट्रॉनिक काटा आला, गल्ला मात्र आप्पांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, वडिलांनी ठेवला तिथेच आहे. 2005 आणि 2019 च्या महापुरात तो भिजला, फुगला, सावलीत वाळवावा लागला. कप्पा अजून थोडा घट्ट सरकतो, पण सरकतो.

अंगाने ठेंगणा, सागवानी. झाकण उतरतं, म्हणजे त्यावर वही ठेवून लिहिता येतं. झाकणाच्या आतल्या अंगाला ‘शुभ-लाभ’ आहे. दर लक्ष्मीपूजनाला ते पुन्हा गिरवलं जातं, त्यामुळे कुंकवाचे थर हाताला लागतात. आत लाकडात कोरलेल्या पाच वाट्या आहेत, आण्यांच्या काळातल्या. 1957 साली नवे पैसे आले तेव्हा वाट्यांनी ते सामावून घेतले. 2011 च्या जूनअखेरीस चार आणे चलनातून गेले. त्या वाटीत आता खडीसाखर असते, गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या पोरांसाठी.

गल्ला स्वभावाने कडक. सकाळची भवानी उधारीवर होऊ देत नाही. पहिली नोट कपाळाला लावूनच आत घ्यायची. रात्री रोजमेळाची शिल्लक जुळली नाही तर तो कुणाला उठू देत नाही. आठ आण्यांच्या फरकासाठी आप्पांना तासभर वही उलटताना मी पाहिलंय. ते म्हणायचे, “फरक आठ आण्यांचा दिसतो, चूक केवढी आहे ते सापडल्यावरच कळतं.”

त्याच्यापाशी थेट कुणालाच बसता आलं नाही. आधी पुड्या बांधायच्या, मग काट्यावर उभं राहायचं, मग उधारीची वही घेऊन वसुलीला जायचं. गिऱ्हाइकाचा अपमान न करता पैसे मागता आले की मग गल्ला. अण्णा, म्हणजे माझे वडील, ह्याच वाटेने आले. आषाढीला आप्पा पंढरपूरला गेले की अण्णांना गल्ला मिळायचा, आप्पा परतले की किल्ली पुन्हा त्यांच्या कमरेला. वर्षातल्या त्या थोड्या दिवसांत अण्णा जे शिकले, ते एरवी वर्षभर शेजारी बसून शिकता आलं नसतं. भाव किती उतरवायचा, कुणाची उधारी थांबवायची, हे ठरवणारं तेव्हा दुसरं कुणी नसायचं. पण वारी संपली की निर्णयही संपायचे. केस पांढरे झाले तरी अण्णा सुट्ट्या पैशांसाठी आप्पांकडे किल्ली मागत होते.

गल्ल्याचा एक दोष सांगायलाच हवा. घरच्यांना तो कधी नाही म्हणाला नाही. शाळेची फी, दवाखाना, आत्याच्या सणाची साडी, सगळं त्याच्यातून जायचं. उचल करणाऱ्याने चिठ्ठी टाकायची अशी रीत होती, पण काही चिठ्ठ्यांवर रक्कम असे आणि नाव नसे. कुणाची उचल जास्त, हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नव्हतं. तो माजघरात, जेवणाच्या पानावर निघायचा. कितीतरी घरांमधला धंदा तोट्याने बसत नाही, अशा निनावी चिठ्ठ्यांनी फुटतो. आता दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठरलेला महिना मिळतो आणि जादा उचल ज्याच्या त्याच्या खात्यावर पडते. ही पद्धत आली त्या दिवसापासून माजघरातला प्रश्न मिटला.

गल्ला हात ओळखतो, कागद ओळखत नाही. आप्पा गेले. तेरावा झाला आणि अण्णांनी गल्ला उघडला, तो नेहमीसारखाच उघडला. बँकेतलं दुकानाचं खातं मात्र उघडेना. भागीदारीच्या दस्तात दोनच नावं होती, आप्पांची आणि अण्णांची. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूबरोबर भागीदारी संपते. आणि दोघांपैकी एक गेला की मागे उरलेला एकटा भागीदारी ठरत नाही. काका उभं आयुष्य दुकानात राबले होते, पण दस्तात त्यांचं नाव नव्हतं. जागा पागडीची, भाड्याची पावती आप्पांच्या नावाची. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी अण्णांच्या शब्दावर माल पाठवला म्हणून दुकान उघडं राहिलं. पेठेत अण्णांचीच पत होती, कागदावर मात्र ती आप्पांच्या सहीला लटकलेली होती.

नवा दस्त झाला तेव्हा त्यात काका आले, आणि माझी थोरली बहीण, ताईही आली. घरात त्यावर बरंच बोलणं झालं. मुलगी सासरी जाते, दुकान कशी बघणार, असं म्हणणारी माणसं प्रेमाचीच होती. पण वसुलीची वही ताईने कॉलेजात असल्यापासून सांभाळली होती. शिवाय एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्माने हक्क असतो, हे हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने देशभर ठरलं. महाराष्ट्राने अविवाहित मुलींसाठी तो 1994 सालीच दिला होता. भागीदारी करायची ती आपल्या मर्जीने, पण कायद्याने मानलेला हात घराने नाकारावा याला काही अर्थ नव्हता. एक भागीदार गेला तर उरलेल्यांनी धंदा चालू ठेवायचा, वारसांना त्याचा हिस्सा कसा मोजून द्यायचा, कुणाला बाहेर पडायचं असेल तर किती मुदतीत, हे सगळं त्या दस्तात आहे. अण्णांनी दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्रही केलं.

हल्ली गल्ल्यापर्यंत रोख कमीच येते. झाकणाशेजारी क्यूआर कोड आहे आणि पैसे आले की डबी मोठ्याने रक्कम सांगते. पहिला कोड माझ्या चुलतभावाच्या स्वतःच्या खात्याला जोडलेला होता, सोयीसाठी. काही महिन्यांतच ताईच्या लक्षात आलं की दिवसाची निम्मी विक्री रोजमेळात दिसतच नाही. चुलतभावाच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण निनावी चिठ्ठी पुन्हा सुरू झाली होती. कोड दुकानाच्या खात्याला जोडला आणि रात्रीच्या शिल्लकेत रोख व कोड दोन्ही मांडायला लागलो. गल्ल्याची शिस्त ती हीच, पैसा कुठल्याही दाराने येवो, रात्री तो एका वहीत दिसला पाहिजे.

आता गल्ल्यावर ताई बसते. अण्णा समोर खुर्ची टाकून बसतात, गिऱ्हाइकांशी बोलतात, विचारलं तरच भाव सांगतात. ती चुकली तर रात्री सांगतात, चारचौघांत नाही. हे त्यांना सोपं गेलेलं नाही, आणि म्हणूनच मला त्याचं मोल वाटतं. ज्यांच्या कमरेला आज किल्ली आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. गल्ला ज्याच्या हाती जावा असं वाटतं, त्याच्या हाती तो आपण समोर बसलेले असतानाच द्या, वारीपुरता नव्हे, कायमचा. आणि त्याच आठवड्यात वकिलाकडे जाऊन तो हात कागदावर लिहून टाका.