घडणावळ

दागिना विकत घेतला, की सराफाच्या पावतीवर दोन रकमा वेगवेगळ्या मांडलेल्या असतात : एक धातूची आणि दुसरी घडणावळीची. तोच दागिना पुढे कधी अडीअडचणीला विकायला नेला, तर पहिली रक्कम त्या दिवसाच्या भावाप्रमाणे बरीचशी परत मिळते. दुसरी मिळत नाही. धातू काट्यावर चढतो, घडविणारा हात चढत नाही. व्यवहार म्हणून यात कोणाचा दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु घडून तयार झालेले दागिने कसे ठेवावेत, कसे लावावेत, या वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाचा विचार करू लागलो, की आम्हांला या दोन रकमा आठवतात. धातू सांभाळायला कुलूप पुरते. घडण सांभाळायची, तर कुलपाच्या आतही शिस्त असावी लागते.

कोल्हापुरात राहणाऱ्याला हा विषय परका नाही. अंबाबाईच्या देवळाजवळच गुजरी आहे आणि तिथल्या पेढ्यांवर आजही कोल्हापुरी साज मागायला दूरदूरची माणसे येतात. साजाच्या पानांची संख्या परंपरेने २१ सांगतात : दहा अवतारांची दहा, अष्टमंगलांची आठ, माणिक आणि पाचूची दोन व शेवटचे पान ताइताचे. पानांच्या मधले मणी सोन्याच्या पातळ पत्र्याचे असतात आणि त्यांच्या पोटात लाख भरलेली असते. बाहेरून भरीव दिसणारा हा अलंकार वस्तुतः नाजूक आहे. उष्णतेने लाख मऊ होते, दाबाने पत्रा चेपतो. म्हणून जाणती गृहिणी साज इतर दागिन्यांच्या ढिगात टाकत नाही. मऊ कापडावर सरळ पसरून, स्वतंत्र डबीत ती तो ठेवते. नथीची तार वाकू नये म्हणून नथ वेगळी ठेवते. मोत्यांचा तन्मणी आणखी वेगळा असतो, कारण मोती धातूइतका कठीण नसतो. सोन्याच्या कडेनेही त्यावर ओरखडा उठतो, आणि घाम व अत्तर त्याला सोसत नाही. ज्या हवाबंद पिशवीत चांदी उजळ राहते, त्याच पिशवीत मोती दीर्घकाळ कोंडून ठेवणे हिताचे नसते. सर्वांना एकच नियम लावला, तर कोणाचे तरी नुकसान ठरलेले. कुटुंबात आणि धर्मग्रामातही याचा अनुभव आम्ही घेतला आहे.

कोल्हापूरच्या आग्नेयेस, हातकणंगले तालुक्यात, हुपरी हे गाव आहे. चांदीच्या दागिन्यांमुळे त्याला चांदीनगरी म्हणतात. तिथे आणि आसपासच्या गावांत पैंजण, जोडवी, करदोडे, छल्ले घडतात आणि तिथून देशभरातल्या बाजारपेठांत जातात. हे काम एका छपराखाली होत नाही. एका ठिकाणी चांदी आटविली जाते, दुसऱ्या ठिकाणी तार ओढली जाते, कोणी कड्या वळतो, कोणी घुंगरे जुळवितो, कोणी झाळ देतो, कोणी शेवटचे पॉलिश करतो. यातले कितीतरी काम घराघरांतून, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास सांभाळून, स्त्रिया करतात. चांदी वजन करून घरी येते आणि दागिना वजन करूनच परत जातो. मध्ये जी थोडी झीज होते तिला घट म्हणतात, आणि ती किती धरायची याचा हिशेब आधीच ठरलेला असतो.

आमच्या परिचयाच्या अशाच एका घरी संध्याकाळी जाण्याचा योग आला होता. दिवसभराचे काम आवरण्याची वेळ होती. घरच्या बाईंनी जमिनीवर स्वच्छ पांढरे कापड अंथरले होते आणि पैंजणांचे जोड त्यावर मांडायला त्यांनी सुरुवात केली. प्रथम लांबी जुळते का ते पाहायचे. मग दोन्ही पायांची घुंगरे मोजायची. मग हलवून नाद ऐकायचा. त्यानंतर जोडाचे वजन करून चिठ्ठीवर लिहायचे आणि ती चिठ्ठी जोडासह पिशवीत घालायची. घाईत हे काम केले जात नाही, आणि त्या वेळी लहान मुलांनाही कापडावर पाय ठेवू दिला जात नाही. एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "फादर, जोडातला एक पाय हरवला तर दुसरा कोन घेणार? आटनीला जातो बघा. चांदी काय, आटवली तरी चांदीच ऱ्हाते. आमचा हात मातूर गेला तो गेलाच."

त्या वाक्याने आमच्या मनातला गुंता सुटला. एकटा उरलेला पैंजण चोरीला गेलेला नसतो. त्याची चांदी गुंजभरही कमी झालेली नसते. तरीही तो दागिना म्हणून संपलेला असतो, आणि त्याबरोबर एका बाईची दुपार, तिच्या डोळ्यांचा ताण, तिच्या बोटांची सवय हे सारे मुशीत जाते. अव्यवस्थेमुळे धातूचे नुकसान होत नाही, माणसाच्या श्रमाचे होते. म्हणून तयार मालाची मांडणी हे केवळ दुकानदारीचे कौशल्य आहे, असे आम्हांला वाटत नाही. ज्यांनी तो घडविला त्यांच्याशी राखलेले ते इमान आहे.

लूकलिखित शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू येशूने दहा नाण्यांच्या स्त्रीचा दाखला दिला आहे. तिचे एक नाणे हरवते, ती दिवा लावते, घर झाडते आणि ते सापडेपर्यंत थांबत नाही. प्रवचनात आपण तिच्या शोधाविषयी आणि तिच्या आनंदाविषयी बोलतो. पण शोधापूर्वीची एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही : आपल्याजवळ दहा आहेत हे तिला ठाऊक होते. जिने कधी मोजलेच नसते, तिला नऊ आणि दहा सारखीच वाटली असती. हरवलेले हरवले आहे हे कळण्यासाठी आधी त्याची जागा ठरलेली असावी लागते. डबीतला रिकामा कप्पा बोलतो, ढीग बोलत नाही. धर्मग्रामाची नोंदवही ही आम्हां धर्मगुरूंची अशीच कप्प्यांची पेटी आहे. मिस्सेला कोण आले हे डोळ्यांना दिसते. कोण आले नाही, हे ज्याला प्रत्येकाची जागा माहीत आहे त्यालाच दिसते.

चांदीच्या बाबतीत आणखी एक शत्रू आहे, आणि तो चोरासारखा बाहेरून येत नाही. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होतो आणि तिच्यावर काळा थर चढतो. दमट हवेत ही क्रिया वेग घेते, त्यामुळे आमच्याकडच्या पावसाळ्यात उघडी ठेवलेली चांदी लवकर काळवंडते. रबर, लोकर आणि काही प्रकारचे कागद यांतही गंधकाचा अंश असतो. म्हणून पैंजणांच्या जोडाला रबरी बंद लावणे किंवा ते वर्तमानपत्रात गुंडाळणे टाळावे. दागिना वापरून ठेवताना मऊ कापडाने पुसून पूर्ण कोरडा करावा, सुती कापडात किंवा सराफाने दिलेल्या गुलाबी कागदात गुंडाळावा, पिशवीतली हवा शक्य तेवढी काढून ती बंद करावी आणि डब्यात ओल शोषून घेणारी पुडी किंवा खडूचा तुकडा ठेवावा. जी चांदी मुद्दाम काळी करून तिची नक्षी उठविलेली असते, ती घासून पांढरी करू नये. तो काळेपणा कारागिराने विचारपूर्वक दिलेला असतो. कोणता डाग काढायचा आणि कोणता राहू द्यायचा, याचा विवेक पापनिवेदन ऐकणाऱ्यालाही लागतो.

आमच्या सक्रिस्तीतही हेच घडते. मिस्सेचा चषक पुष्कळदा चांदीचा, आतून सोन्याचा मुलामा दिलेला असतो. तो ठेवण्यापूर्वी कोरडा पुसायचा, त्याच्यासाठी शिवलेल्या पिशवीत घालायचा आणि नेमलेल्या खणात ठेवायचा, हे सेमिनरीत असताना आम्हांला शिकविले गेले. तरुणपणी ती केवळ शिस्त वाटत असे. चषकाच्या पेल्याला आतून हात फिरवावा, म्हणजे कोणा अनाम कारागिराने तो किती जपून गुळगुळीत केला आहे हे कळते. वेदीवर आपण द्राक्षारस अर्पण करतो तेव्हा मानवी श्रमाचाही उल्लेख करतो. ज्या पात्रातून ते अर्पण होते, तेही श्रमाचेच फळ असते.

राज्यसंस्थेने सोन्याकडे नेहमी वजन आणि कस यांच्याच दृष्टीने पाहिले. १९६३ साली सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. १९६८ साली त्याचा कायदा झाला आणि तो १९९० साली रद्द झाला. परकीय चलन वाचविणे हा त्यामागचा हेतू होता. परंतु देशभरातल्या हजारो सोनारांचे हात रिकामे झाले, आणि काहींनी जीव दिला. आज काळ बदलला आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षरअंकांची स्वतंत्र खूण असल्याशिवाय तो दुकानदाराला विकता येत नाही. त्या खुणेवरून कस, नोंदणीकृत सराफ आणि तपासणी केंद्र कळते. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. तथापि ज्याने दागिना घडविला त्याचे नाव त्या खुणेत नसते.

पवित्र शास्त्राची रीत निराळी आहे. निर्गम पुस्तकात निवासमंडपाचे सोने, चांदी आणि पितळ यांचे काम ज्याने केले त्या बसालेलचे नाव, त्याच्या पित्याचे व वंशाचे नाव, सारे नोंदविलेले आहे. त्याच पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात प्रमुख याजकाच्या ऊरपटाचे वर्णन येते : बारा रत्ने, चार ओळींत तीन-तीन, आणि प्रत्येक रत्नावर इस्राएलच्या एकेका वंशाचे नाव कोरलेले. रत्नांची यापेक्षा सुंदर मांडणी आम्हांला ठाऊक नाही. प्रत्येकाला स्वतःचे कोंदण होते, स्वतःचे नाव होते, आणि ती सारी नावे मिळून याजकाच्या हृदयावर राहत होती.

इथे एक शंका कोणीही घेईल. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने कसर आणि जंग यांची आठवण देऊन पृथ्वीवरच्या साठ्यापासून सावध केले आहे. मग दागिने जपून ठेवण्याचा हा खटाटोप ख्रिस्ती माणसाने का करावा? आमच्या अल्प समजुतीप्रमाणे जपणे आणि साठविणे या दोन वेगळ्या वृत्ती आहेत. साठविणाऱ्याची नजर वजनावर असते, जपणाऱ्याची घडणीवर. सोनारांचे आश्रयदाते संत एलिजियस हे सातव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेले. ते आधी सुवर्णकार होते आणि पुढे नोयाँचे बिशप झाले. परंपरा सांगते, की राजाने एका सिंहासनासाठी दिलेल्या सोन्यातून त्यांनी दोन सिंहासने घडवून परत केली. घटीच्या नावाखाली त्यांनी काहीच बाजूला काढले नव्हते. आणि २५८ साली रोमच्या अधिकाऱ्याने ख्रिस्तसभेचे धन हजर करण्याचा हुकूम दिला, तेव्हा उपयाजक संत लॉरेन्स यांनी असलेले धन गरिबांत वाटून टाकले आणि त्या गरिबांनाच त्याच्यापुढे उभे केले, असेही परंपरा सांगते. एकाने धातू प्रामाणिकपणे मोजला. दुसऱ्याने योग्य वेळी तो हातावेगळा केला. दोघांनाही आपल्याजवळ काय आहे हे नेमके माहीत होते, म्हणूनच त्यांना तसे वागता आले.

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला महापूर आला आणि कोल्हापूर परिसरातल्या असंख्य कुटुंबांना अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडावे लागले. अशा वेळी कपाट उपसायला सवड नसते. ज्याचा डबा एका जागी, लावलेला आणि हाताशी असतो, त्यालाच तो उचलता येतो. बँकेच्या लॉकरमध्ये ठेव असेल, तरी आत काय आहे याची यादी बँकेजवळ नसते. ती आपणच करून ठेवायची असते.

आमच्या वाचकांना, विशेषतः ज्यांच्या घरी आईचा किंवा सासूबाईंचा ऐवज आहे त्यांना, आमची एक विनंती आहे. ती यादी करताना वजन आणि कस एवढेच लिहून थांबू नये. हा दागिना कोणाच्या लग्नात आला, कोणी घातला आणि कळत असेल तर कोणी घडविला, हेही एका ओळीत लिहावे आणि ती चिठ्ठी त्या दागिन्यासोबत डबीत ठेवावी. कारागिराचे नाव ठाऊक नसेल तर निदान गावाचे लिहावे. यंत्रावर निघालेले पैंजण आता बाजारात मुबलक आहेत आणि ते स्वस्तही पडतात. हाताने जुळविलेल्या घुंगरांचा जोड कोणता, हे पुढच्या पिढीला नुसते पाहून ओळखता येईलच असे नाही. पुढे कधी प्रसंग पडून तो विकावा लागला, तरी आपण काय देत आहोत हे देणाऱ्याला कळलेले असेल. आणि आपल्यासाठी ज्यांनी डोळे शिणविले, त्यांच्यासाठी त्या रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत एक नाव, निदान एका गावाचे नाव, घेता येईल.