महिन्याला एक टक्का

दर महिन्याच्या एक तारखेला कर्करोगावर किरणोपचार देणाऱ्या आमच्या कोबाल्ट युनिटच्या कन्सोलजवळचा वेळांचा तक्ता बदलायचा. कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य 5.27 वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण एक टक्का जोर कमी. सोर्स नवा असताना ज्या फील्डला दोन मिनिटं लागायची, त्यालाच पाच-सव्वापाच वर्षांनी चार. बाहेर बाकावरची रांग तशी लांबत जायची आणि ट्रस्टींच्या बैठकीत नव्या सोर्सच्या पैशांचा विषय निघायचा. तक्ता एकाने कॅल्क्युलेटरवर काढायचा, दुसऱ्याने पहिल्याचे आकडे न बघता पुन्हा. आमचे सर या बाबतीत हटून बसत. ओहायोतल्या कोलंबसमध्ये 1974 ते 76 या काळात क्षयाचा हाच आलेख चुकला आणि चारशेहून जास्त रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा गेली, ही गोष्ट प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी ऐकावी लागे.

सरांचं दुसरं वेड बॅरोमीटर. मात्रा मोजायचं आयन चेंबर हवेला उघडं असतं. हवा विरळ झाली की आकडा कमी येतो, त्याला दुरुस्ती लावावी लागते. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, तिथला खरा दाब 950 हेक्टोपास्कलच्या आसपास. हवामानाच्या बातमीत ऐकू येतो तो समुद्रसपाटीला आणलेला आकडा, 1010 च्या घरातला. तो वापरला की सहा टक्क्यांची चूक, तीही जास्त मात्रा देणारी. एकूण उपचारात मुभा मात्र पाचच टक्क्यांची! म्हणून बॅरोमीटर स्वतःचाच हवा, आणि त्याला सरांशिवाय कुणी हात लावायचा नाही.

भाभा अणुसंशोधन केंद्राकडून पोस्टाने पावडरच्या चिमुकल्या कुप्या यायच्या. त्या पाण्यात ठरल्या खोलीवर ठेवून दोन ग्रे मात्रा द्यायची आणि मोजणीसाठी परत पाठवायच्या. तिकडून पत्र येईपर्यंत आमची अवस्था दहावीच्या निकालाची वाट बघणाऱ्या पोरांसारखी.

अचूकतेच्या एवढ्या गप्पा, पण रुग्णाच्या अंगावरची खूण कसली, तर जांभळ्या शाईच्या रेघा. त्या भागाला पाणी लावू नका, असं दहादा सांगायचं. एका दिवाळीत एक आजी स्वच्छ होऊन आल्या. “अहो आजी, रेघा कुठं गेल्या?” “बाळा, पहिली आंघोळ. तेल-उटणं लावल्याबिगर कशी करायची?” रेघा पुन्हा आखल्या. कालच्याच जागी आखल्या, असं आम्ही मानलं. नियोजनही तसंच: शिशाची तार अंगावर दाबून आकार घ्यायचा, ग्राफपेपरवर उतरवायचा आणि त्या एका छेदावरून सगळं शरीर तसंच आहे असं धरून चालायचं. फुप्फुसातली हवा त्या कागदावर नसेच.

आता लिनॅकवर, म्हणजे विजेवर किरण तयार करणाऱ्या यंत्रावर, सकाळी पहिला रुग्ण आत जायच्या आधी मात्रा तीन टक्क्यांत, लेझर दोन मिलिमीटरमध्ये आहेत ना, दाराचं इंटरलॉक चालतं ना, हे बघून होतं. चेहऱ्याचा मास्क गरम पाण्यातून काढून तिथल्या तिथे बसवतात. टेबलावरच सीटी घेऊन कालची आणि आजची जागा ताडून बघतात. गुंतागुंतीचा प्लॅन आधी फॅन्टमवर, म्हणजे माणसाऐवजी ठेवलेल्या नमुन्यावर, देऊन मोजतात, मगच माणसावर. परवाने अणुऊर्जा नियामक मंडळाच्या पोर्टलवर. घरातल्या कुणावर वेळ आली, तर मी डोळे मिटून त्याला या मशीनकडे पाठवीन. बॅरोमीटरची आठवण मला कितीही येवो.

सल आहे तो वेगळा. कोबाल्टचा महिन्याचा एक टक्का आम्ही डोळ्यांत तेल घालून सांभाळला. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचार साधारण आठ आठवड्यांत संपले नाहीत, तर पुढच्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते. या टक्क्याला आमच्या रजिस्टरात रकाना नव्हता. बाई आठवडाभर दिसली नाही, तर कार्डावर ‘गैरहजर’ लिहायचं, संपलं. सोर्स बदलायला युनिट बंद राहिलं, तरी बाकावरची माणसं गपचूप गावी परतायची. मुंबईत परळला नाना पालकर स्मृती समितीने आणि दादरला गाडगे महाराज धर्मशाळेने बाहेरगावच्या रुग्णांची सोय केली, ती आम्ही समाजसेवा म्हणून वाखाणली. गुणवत्तेच्या तपासणी-यादीत ती घालावी, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

हल्ली चुकलेला दिवस संगणकावर लाल होतो आणि सामाजिक कार्यकर्तीचा फोन जातो. पलीकडून उत्तर येतं, “सोयाबीन काढून येतो ताई, चार दिवस.” मग शनिवारी मशीन चालू ठेवायचं, नाहीतर एका दिवसात दोन वेळा, मध्ये किमान सहा तास सोडून. आणि ते सहा तास त्या बाईने बसायचं कुठे, हेही आता त्याच ताईंनी बघायचं.