धारगळची पेटी

म्हापशाहून पेडण्याच्या वाटेला लागले की कोलवाळचा पूल येतो. खाली शापोरा नदी. अलीकडे बारदेश, पलीकडे धारगळ. बारदेश १५४३ सालीच पोर्तुगीजांकडे गेला. पेडणे मात्र सावंतवाडीकरांकडून १७८८ साली त्यांच्या हाती आले. या अडीच शतकांच्या अंतराची खूण वाद्यांतही दिसते. अलीकडच्या ख्रिस्ती घरांतून पियानो स्थिरावला. पलीकडे भजनाच्या बैठकीत पेटी आली. २०२३ साली जवळच मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि वाट गजबजली. परंतु बुवांना ‘पट्टी कोणती?’ असे विचारल्यावाचून येथले भजन आजही उभे राहत नाही.

ही पट्टी मुळात लाकडाची. तिचा पांढरेपणा वर चिकटवलेल्या पातळ पापुद्र्याचा असतो. जुन्या पियानोवर तो हस्तिदंती असे. पेटीवर बहुधा सेल्युलॉइडचा वा प्लॅस्टिकचा. कोकणच्या दमट पावसाळ्यात सरस सुटतो, कड उचलते, नखाला अडकते. मग वादक नकळत तो सूर टाळू लागतो. नुकसान होते ते येथे.

धारगळला एका ओसरीवर वृद्ध सुताराला हे काम करताना मी पाहिले. पट्ट्या काढण्यापूर्वी त्याने प्रत्येकीच्या लाकडावर पेन्सिलीने क्रमांक घातला, कारण प्रत्येक पट्टी आपल्याच जागी नीट बसते. जुना पापुद्रा पातळ पात्याने हलकेच उकलला. सेल्युलॉइड चटकन पेट घेते, म्हणून दिवा दूर ठेवला होता. सरस खरवडून लाकूड सपाट केले. नवा पापुद्रा जाडीला जुन्याइतकाच, पण कडेला किंचित वाढता कापला. चिकटवून, वर फळी दाबून रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी कानशीने वाढीव कड उतरवली, धार मोडली आणि बारीक काचकागदानंतर मऊ कापडाने झिलई दिली.

“मास्तर,” तो म्हणाला, “पट्टी डोळ्यांना नवी दिसली तरी बोटांना जुनीच वाटली पाहिजे.”

एक पट्टी केसभर उंच राहिली, तरी द्रुत लयीत बोट अडखळते. म्हणूनच या कामात घाई चालत नाही.

बडोदे, इंदूर, बेळगाव येथील आपल्या अनेक घरांत आजोबांची पेटी माळ्यावर पडून असते. पिवळ्या, उचकटलेल्या पट्ट्या पाहून ती मोडीत काढण्याचा विचार होतो. पण पेटीचा आवाज आतल्या पितळी सुरांत आणि भात्यात असतो. ते शाबूत असतील तर वरचे पापुद्रे बदलता येतात. कोणाकडे हस्तिदंती पट्ट्यांचा पियानो असेल, तर सुटलेला तुकडा फेकू नये. आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ साली बंदी ठरली. तोच तुकडा स्वच्छ करून पुन्हा बसवणे उत्तम.

पेटी विकण्यापूर्वी एकदा भाता हलवून पाहावा. सूर बोलला, तर आधी सुतार शोधावा.