आजीने लावलेला छडा

मागच्या वर्षावासातली गोष्ट. विहारातले ग्रंथवाचन आटोपले की घरी जाता जाता आम्ही पाच-सात बायका आमच्या ओट्यावर टेकतो. पाऊस असला म्हणजे तासभर कोणी उठत नाही. मी अंगणवाडी सेविका आहे. वाशीमला मीटिंगला गेले की तिथल्या वाचनालयातून एखादे पुस्तक आणते. त्या दिवशी पिशवीत एक रहस्यकथा होती, इंग्रजीवरून मराठीत आणलेली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "वाच ना वो बाई, कायचं हाय ते." मी वाचायला लागले आणि पुढचे आठ-दहा दिवस आमचा ओटा रिकामा राहिला नाही.

रहस्यकथा आपल्या घरांना नवी नाही. माझ्या वडिलांच्या उशाखाली बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके असत. झुंजार आणि काळापहाड ही नावे आम्हाला शाळेच्या आधी पाठ झाली होती. पण ते सारे धाडसी पुरुष. या पुस्तकात मात्र गुन्ह्याचा छडा लावते ती एक म्हातारी. तिचे नाव मिस मार्पल. केस पांढरे, लग्न केलेले नाही, हातात सदा लोकरीचे विणकाम. राहते सेंट मेरी मीड नावाच्या लहानशा खेड्यात. तिच्याजवळ पिस्तूल नाही की मोटार नाही. ती बसते, ऐकते, आणि गावातल्या माणसांशी ताडून पाहते. अमका माणूस आपल्या गावच्या तमक्यासारखा वागतो, म्हणजे तो काहीतरी लपवतो, असा तिचा हिशेब. पोलीस तिला आधी हसतात आणि शेवटी तिचेच ऐकतात.

ही म्हातारी अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेने 1927 साली एका गोष्टीत प्रथम आणली. 1930 साली तिच्यावरची पहिली कादंबरी आली. एकूण 12 कादंबऱ्या आणि 20 कथा तिच्यावर झाल्या. पहिल्या महायुद्धात ख्रिस्तीबाईंनी दवाखान्याच्या औषधखान्यात काम केले होते, म्हणून त्यांच्या गोष्टींत विषांची माहिती इतकी पक्की असते. आणि मिस मार्पल त्यांना कुठे सापडली? आपल्या आजीच्या मैत्रिणींत, असे त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

आजीच्या मैत्रिणी! हे वाचले आणि मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवले. मावशींनी माझ्याकडे पाहिले. "तुही आजी आठवली ना?" त्यांनी विचारले.

1994 चा पावसाळा होता. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा 1998 साली झाला. आमच्या वस्तीत लेकरांना हगवण-उलटी लागली. आठवडाभरात नऊ लेकरे आडवी झाली आणि एक तान्हे गेले. ते गेले त्या रात्रीपासून कुजबूज सुरू झाली. खालच्या आळीत एक विधवा म्हातारी एकटी राहायची. मूलबाळ नव्हते, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवायची. ज्यांची लेकरे आजारी पडली ती घरे तिच्याच आजूबाजूची. "तिनं करणी केली," कोणीतरी म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते सगळेच म्हणू लागले. तिच्याशी बोलणे बंद झाले. पाण्यावर ती आली की बायका घागरी उचलून बाजूला होत. बाहेरगावच्या एका जाणत्याला बोलवायचे ठरले आणि घरोघरून वर्गणी निघाली. बाबासाहेबांच्या जयंतीला पुढे असणारी घरेही त्या वर्गणीत होती. हे लिहायला बरे वाटत नाही, पण खरे ते लिहिले पाहिजे.

आमच्या घरी वर्गणी मागायला आले तेव्हा आजी म्हणाली, "दोन दिवस थांबा. मंग देतो."

आजी शाळेत गेलेली नव्हती. तिच्या दोन मैत्रिणी होत्या. एक सुईण, वस्तीतली निम्मी लेकरे तिच्या हातावर आलेली. दुसरी डोक्यावर टोपले घेऊन भाजी विकणारी. तिला कोणत्या घरी काय शिजते, हे दारावरूनच कळायचे. त्या संध्याकाळी तिघी ओट्यावर बसल्या. आजीने तुरीचे दाणे घेतले आणि सारवलेल्या जमिनीवर एकेका घराचा एकेक दाणा मांडला. आजारी घराचा दाणा इकडे, बऱ्या घराचा तिकडे. मी बारा वर्षांची होते, कंदील धरून बसले होते.

दाणे मांडून झाल्यावर आजी एका दाण्यावर अडली. म्हातारीच्या भिंतीला भिंत लागून एक घर होते. त्यात चार लेकरे, आणि चारही ठणठणीत. "करणी केली असती तं पयले हे पोट्टे पडले असते. इथं काहून नाही?" आजी म्हणाली. मग दुसरा दाणा. वरच्या आळीतला एक पोरगा आजारी होता. तो तर म्हातारीच्या दाराकडे फिरकलाही नव्हता. "मंग याले काहून झालं?"

दुसऱ्या दिवशी तिघी निघाल्या. चौकशीला आलो, असे कोणालाच वाटले नाही. भाजीवाली भाजी घेऊन गेली, सुईण लेकरू बघायला गेली, आजी विस्तव मागायला गेली. संध्याकाळी हिशेब जुळला. वस्तीची हापशी पंधरा दिवसांपासून बिघडलेली होती. वरची आळी दूरच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणायची. खालची आळी नाल्याकाठच्या जुन्या विहिरीचे पाणी प्यायची. तिचा कठडा एका बाजूने ढासळलेला होता, आणि पहिल्या मोठ्या पावसात नाल्याकाठची सगळी घाण तिच्यात उतरली होती. भिंतीशेजारच्या घरातली बाई मळ्यात मजुरीला जायची आणि येताना तिथूनच घागर भरून आणायची. वरच्या आळीतला तो पोरगा आठवडाभर खालच्या आळीत आपल्या आजीकडे राहिला होता.

करणी त्या विहिरीत होती. आजीने वर्गणी दिली नाही. तिघींनी मिळून आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंना बोलावून आणले. विहिरीत ब्लीचिंग पावडर पडली, पाणी उकळून प्यायला लागले. नर्सबाईंनी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते लेकरांना थोडे थोडे पाजायला शिकवले. नवीन लेकरू आजारी पडले नाही. जाणता आलाच नाही.

त्यानंतर आजी भर दुपारी, सगळे पाहत असताना, त्या म्हातारीच्या ओट्यावर जाऊन बसली आणि तिच्या हातचा चहा प्याली. म्हातारीची माफी मात्र कोणी मागितली नाही. ती आणखी सहा वर्षे जगली, पण लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवणे तिने कायमचे सोडले. तो एक गुन्हा आमच्या वस्तीच्या नावावर राहिला.

पुस्तक वाचताना मला हेच लागले. म्हाताऱ्या बाईकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून तिला सगळे दिसते. मुंबईच्या खाजगी गुप्तहेर रजनी पंडित यांनी एका खुनाच्या तपासासाठी कित्येक महिने मोलकरणीचे काम केले होते. मोलकरणीकडे तरी कोण पाहते? पण आपल्या खेड्यात त्याच एकट्या म्हातारीवर पहिला संशयही येतो. कादंबरीत ती छडा लावते, आणि आपल्याकडे तिलाच आरोपी करतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कोणावर करणीचा आळ घेऊन तिचे जगणे मुश्कील केले तर सहा महिने ते सात वर्षे कैद आहे. कायदा हवाच. पण आळ घेणारा पहिला शब्द ओट्यावर निघतो, आणि तिथे पोलीस नसतो. तिथे "इथं काहून नाही?" असे विचारणारी एखादी आजीच लागते.

आमच्या ओट्यावर पुस्तकाचा शेवट यायच्या दोन दिवस आधीच मावशींनी गुन्हेगार सांगून टाकला होता. मी विचारले, "कसं ओळखलं?" त्या म्हणाल्या, "सारे रडत होते माय, आन् तो एकटाच सगळ्यांचं रडणं पायत होता."

आता त्या दुसरे पुस्तक मागत आहेत. भगिनींनो, तुमच्याही घरात कोपऱ्यात बसलेली एखादी आजी असेल. तिला एखादी गोष्ट वाचून दाखवा. आणि वाचून झाल्यावर तिने काय पाहिले, तेही विचारा.