तसबिरीवरची काच

अकोल्याच्या जठारपेठेतील त्या घराच्या बैठकीत आजोबांची तसबीर पूर्वेच्या भिंतीवर होती आणि समोर पश्चिमेचे दार. दुपारी चारनंतर ऊन आत येई आणि तसबिरीत आजोबांऐवजी दाराची उजळ चौकट दिसे. आजी नेमक्या त्याच वेळी माळ घेऊन समोर बसत. उरलेल्या दोन्ही भिंतींना खिडक्या असल्याने तसबीर हलवण्यास जागा नव्हती. ‘‘दिसत नाहीत, पण आहेत हे ठाऊक आहे,’’ एवढेच त्या म्हणत.

नातवाने हे ऐकले आणि चकाकी न मारणारी काच बसवून आणली. ती स्वस्तातली, खरखरीत पृष्ठभागाची ‘मॅट’ काच होती. चकाकी गेली खरी. परंतु आजी म्हणाल्या, ‘‘यांचा चेहरा काहून असा धुकट दिसते?’’

दोष काचेचा नव्हता, निवडीचा होता. मॅट काच प्रकाश परतवण्याऐवजी विखुरते. चित्र तिला अगदी लगत असेल तर ते ठीक दिसते. मध्ये जाड पुठ्ठ्याचे माउंट येऊन अंतर पडले की रेषा पुसट होतात. माउंट काढावे, तर दमट हवेत छायाचित्र काचेला चिकटण्याची भीती.

आजोबांनी आयुष्यभर कापसाची अडत केली. बोटांच्या चिमटीत धागा ओढून पाहिल्याशिवाय ते सौदा करीत नसत. नातवाला ते आठवले. या खेपेस त्याने फ्रेमवाल्याकडून काचांचे लहान तुकडे घरी आणले आणि चार वाजता, आजींच्या आसनावर बसून, एकेक तुकडा तसबिरीपुढे धरवून पाहिला.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के, म्हणजे दोन्ही मिळून ८ टक्के प्रकाश परततो. दोन्ही बाजूंना परावर्तनरोधक लेप दिलेल्या काचेत हे प्रमाण १ टक्क्याच्याही खाली येते. तो तुकडा पुढे येताच दाराची चौकट फिकट हिरवट छटेपुरती उरली आणि आजोबांचे डोळे दिसले.

भाव मात्र कितीतरी पट होता. त्याहून महाग काच अतिनील किरणेही अडवणारी होती. येथे नातवातला व्यापारी जागा झाला. अतिनील किरणे अडवली, तरी दिसणारा प्रकाशही छायाचित्र हळूहळू फिकट करतोच. म्हणून त्याने मूळ छायाचित्राची उत्तम प्रत काढून ती फ्रेममध्ये घातली आणि मूळ प्रत आम्लरहित कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. मग अतिनील किरणांसाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण उरले नाही. जे दुखणे होते, त्याच्याच औषधावर खर्च झाला. लेपाला ओरखडा पडू नये म्हणून घरातील सर्वांना एकच ताकीद मिळाली : पुसायचे ते मऊ, स्वच्छ कापडाने.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आजी आसनावर बसल्या. बराच वेळ माळेचा मणी पुढे सरकला नाही.

‘‘वरचं बटण पाहिलंस?’’ त्या म्हणाल्या. ‘‘फोटोच्या दिवशीच तुटलं होतं. घाईत काळा दोरा सापडला नाही, म्हणून पांढऱ्यानंच लावलं मी. अजून दिसतो बघ.’’